भाजल्याचं मलम

मंगळवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी नवऱ्याच्या कंबरेवरची पट्टी काढली. पट्टीखाली खपली होती. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून आहे. मी म्हणाले, दोन आठवडे होत आले. त्यांनी नर्सला औषधाचं नाव सांगितलं. गुरुवारी दुपारी तो गेला.

पट्टी मी लावली होती. तिच्याखालचं मलमही मीच लावत होते.

हे लिहायला मला वर्षाहून जास्त लागलं. त्यात दुःखाचा भाग किती होता हे मला सांगता येत नाही. मी रोज कामावर जात होते, पुस्तकं देत होते, घेत होते, पोळ्या करत होते. लिहायला बसले की पहिल्या ओळीपुढे जाता येत नव्हतं, इतकंच.

तो बावीस वर्षं उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यांत प्रेसवर होता. पॅन्ट शिवून, धुऊन, सुकून, धागे कापून झाले की शेवटी प्रेसवाल्याकडे येते. बॉयलरची वाफ पाइपातून इस्त्रीत येते आणि तो पाइप दिवसभर माणसाच्या बाजूला लोंबत असतो. नवा माणूस बोटं भाजून घेतो. दोन-चार वर्षांनी बोटं वाचतात, मनगटं भाजतात. टेबलाला कंबर टेकवून, न बघता, बोलत बोलत काम करता येऊ लागलं की पाइप हलून कंबरेला लागतो. म्हणून ज्याच्या कंबरेवर डाग, तो उस्ताद. त्याच्या कंबरेवर सहा होते. शर्ट वर करून तो ते पाहुण्यांनाही दाखवायचा आणि सासू म्हणायची, "खाली कर ते. जसं काय मेडल लावलेत."

आमच्या फ्रिजच्या दारात आलं-लसणाच्या डबीशेजारी भाजल्याच्या मलमाची ट्यूब कायम असायची. सकाळी आंघोळ झाली की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहायचा, मी डबा भरता भरता एका हाताने मलम लावायचे. कुठे काय नवीन आहे ते मीच बघायचे. त्याला स्वतःला ते दिसायचं नाही, आणि बघायची फारशी इच्छाही नसायची.

मी अंबरनाथला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. एम.ए. झाल्यावर ग्रंथालयाचा कोर्स केला, मग लग्न झालं. तो नववी नापास. स्थळ बघायला आला तेव्हा त्याने हे स्वतःच सांगितलं, पोहे संपायच्या आधी. त्याला त्याची लाज नव्हती, मलाही नव्हती. मात्र घरात एक पद्धत पडून गेली. फॉर्म, औषधांच्या चिठ्ठ्या, कुठल्या बातमीवर विश्वास ठेवायचा, मोरीत निघालेला साप विषारी आहे की नाही, हे सगळं माझ्याकडे. "मॅडमला विचारा," तो म्हणायचा. चिडवायलाही मॅडम आणि खरंही मॅडम. मी सासूसमोर त्याला अहो म्हणायचे, एकटे असताना अरे. तो मला दोन्हीकडे मॅडमच म्हणायचा.

सासू जांभूळ गावाच्या पुढे राहते, पाणी शुद्ध करण्याच्या केंद्राच्या पलीकडे. सासरे गेल्यापासून एकटीच. घराभोवती दोन गुंठे आवार आहे. पूर्वी त्यात भाज्या असत. आता पाऊस संपत आला की कंबरभर गवत होतं. तिने दोन रविवार फोन करून बोलावलं आणि दोन्ही रविवारी तो झोपून राहिला. तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो.

त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तो गवत कापत होता. मी ओटीवर बसून कॉलेजातून आणलेल्या पुस्तकांना कव्हरं घालत होते. गवतातून एक घूस पळाली, त्याने तिच्यावर चप्पल भिरकावली, चप्पल विहिरीत पडली.

"घुशीला मारलीस का विहिरीला?" सासूने विचारलं.

"घूस हुशार निघाली. मॅडमसारखी."

"मग तू चपलीसारखा."

तो हसत हसत कापलेल्या गवताच्या ढिगावर बसला आणि तिथेच भाकरी आणि बोंबलाची चटणी खाल्ली. शर्ट काढून कंबरेला गाठ मारली होती. मी म्हणाले, आत येऊन बसा. तो म्हणाला, इथे गार वाटतंय. दुसरी चप्पल त्याने विहिरीच्या काठावर ठेवली आणि अनवाणी घरी आला.

नऊ-दहा दिवसांनी, सकाळी, उंबऱ्यात, मला त्याच्या कंबरेवर नवा डाग दिसला. डाव्या बाजूला, पट्ट्याच्या खाली. चवळीच्या दाण्याएवढा, काळा, कडेला लाल.

"अरे, हे कधी भाजलं?"

"काय?"

"इथे. कंबरेवर."

त्याने वाकून बघितलं. "दिसत नाही. पोट मधे येतं."

"पाइप लागला असेल."

"असेल."

"दुखत नाही?"

"नाही."

"एवढं खोल आहे आणि दुखत नाही?"

"मॅडम म्हणतात भाजलंय, म्हणजे भाजलंय. लावा मलम. सेठ दारात उभा असेल."

मी मलम लावलं. शर्टाला लागू नये म्हणून वर कापडाची पट्टी ठेवून चिकटपट्टी मारली. डाग तसाच होता जसे मी बावीस वर्षं बघत आले होते. नंतर मी जी पुस्तकं वाचली त्यांतही असंच लिहिलेलं आहे, की ही खपली भाजल्यासारखी दिसते आणि दुखत नाही. तेव्हा मी ती वाचलेली नव्हती. आणि दुखत नाही हे त्याने सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं.

तीन दिवसांनी ताप आला. डोकं इतकं दुखायचं की तो पंखाही बंद करायला सांगायचा. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मलेरिया बघितला, डेंग्यू बघितला. दोन्ही नव्हते. टायफॉइडची तपासणी थोडी वर आली म्हणून त्याची औषधं सुरू झाली. ताप उतरला नाही. पाचव्या दिवशी दवाखान्यात दाखल केलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने त्याला खालपासून वरपर्यंत नीट तपासलं. पट्टीपाशी थांबली.

"हे काय?"

"भाजलंय," मी म्हणाले. "प्रेसचं काम करतात."

"शेतात, जंगलात कुठे गेला होतात? काही चावलं?"

"नाही. उल्हासनगरला कारखान्यात असतात."

जांभूळचं आवार मला आठवलंच नाही. ते शेत नव्हतं, जंगल नव्हतं. ते आईचं घर होतं.

तिने त्याला विचारलं, "काका, कशाने भाजलं?"

त्याने डोळे उघडले. ओठ सुकले होते, तरी हसला. "मॅडमना विचारा. त्यांनीच लावलंय मलम."

"तुम्ही नर्स आहात?" तिने मला विचारलं.

"नाही. ग्रंथालयात आहे."

ती मान हलवून पुढे गेली. तिच्यामागे आणखी आठ खाटा होत्या. मला तिचा राग येत नाही. तिने योग्य प्रश्न विचारले होते.

त्यानंतरचे चार दिवस मला तुकड्यांनी आठवतात. रक्त वाढवायला ठेवलं होतं, म्हणजे त्यात कुठला जंतू आहे हे कळावं म्हणून. रोज उत्तर यायचं, काही वाढलं नाही. मला वाटायचं, हे चांगलं आहे. लघवी कमी झाली. दम लागू लागला. मग मोठ्या दवाखान्यात हलवलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी आमचं काहीही ऐकून घ्यायच्या आधी पट्टी काढली.

"स्क्रब टायफस," ते म्हणाले. "गवतातल्या बारीक किड्याची अळी चावते. डोळ्यांना दिसत नाही. औषध साधं असतं. पण आधी हवं होतं."

गवत म्हटल्यावर सासू भिंतीला धरून खाली बसली.

सगळं झाल्यावर मी कामावर गेले. सूक्ष्मजीवशास्त्राची कपाटं ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीला आहेत, खिडकीपाशी. तिथून मी रोज दुपारी एक पुस्तक काढायचे आणि दोन-तीन पानं वाचायचे. माझा विषय मराठी साहित्य. एकेक ओळ तीनदा वाचावी लागायची. मला घाई नव्हती.

त्या जीवाणूला बाहेर जगता येत नाही, हे मला आधी कळलं. त्याला पेशीच्या आतच राहावं लागतं. आमच्याकडच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमना मी विचारलं, की हा प्रयोगशाळेत वाढत का नाही. मला ते कशासाठी हवंय हे त्यांना माहीत नव्हतं. नवरा तापाने गेला एवढंच मी सगळ्यांना सांगितलं होतं.

"अहो, त्याला स्वयंपाकच येत नाही," त्या हसून म्हणाल्या. "पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या घरात आयतं मिळालं. लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी स्वतः बनवणं सोडून दिलं. बाटलीतल्या रसात टाकला तर उपाशी मरतो. त्याला जिवंत पेशीच लागते."

म्हणून बाटलीत काही वाढत नव्हतं. मी रोज ज्याला चांगली बातमी समजत होते, ती ही होती.

मग मी पुढचं वाचलं. रक्तवाहिन्यांना आतून जे अस्तर असतं त्याच्या पेशींना तो बाहेरून चिकटतो. त्या पेशी काही जंतू गिळणाऱ्या नव्हेत, पण तो अशा रीतीने चिकटतो की पेशी त्याला स्वतःच आत ओढून घेते. आत येतो तेव्हा तो एका पिशवीत असतो. पेशीची पद्धत अशी, की ही पिशवी पुढे न्यायची आणि जे आत आलं ते जिरवून टाकायचं. ते व्हायच्या आत हा पिशवी फोडून बाहेर पडतो. पेशीत सामान इकडून तिकडे नेण्यासाठी दोऱ्यांसारखे मार्ग असतात आणि त्यांवरून ओझी वाहणारी प्रथिनं असतात. हा त्यांपैकी एकाला धरतो आणि केंद्रकाजवळ जातो. वाहणारं प्रथिन पेशीचं, मार्ग पेशीचा. तिथे तो वाढतो. वाढून झालं की कडेला येतो आणि बाहेर पडताना पेशीच्याच पटलाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून घेतो. बाहेरून बघणाऱ्याला तो पेशीचाच भाग वाटावा असा.

इथे मी पुस्तक मिटलं होतं. पट्टी मारताना मी चिकटपट्टीच्या कडा अंगठ्याने दाबून बसवायचे, ते मला आठवलं.

टायफॉइडची जी औषधं आधी चालू होती ती पेशीच्या आत पुरेशी जात नाहीत, आणि जाऊनही त्यांना धरायला तिथे फारसं काही नसतं, कारण ती जंतूच्या ज्या भिंतीवर मारा करतात ती ह्याने जवळजवळ मोडीत काढलेली आहे. जे साधं औषध लागतं ते पेशीच्या आत जातं. मंगळवारी ते दिलं तोपर्यंत फुप्फुसं आणि मूत्रपिंडं गेली होती.

मला सगळ्यात जास्त वेळ थांबवलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. ह्या जीवाणूचं घर तो किडा आहे. आईकडून अंड्यात, अंड्यातून अळीत, असा तो किड्यांमध्येच राहतो, आणि किड्याला त्याने फारसं काही होत नाही. एकमेकांची सवय झालेली असते. माणसाकडून माणसाकडे तो जात नाही. माणसाच्या अंगात शिरला की त्याचा पुढचा रस्ता बंद होतो. म्हणजे माझा नवरा त्याच्या काहीच उपयोगाचा नव्हता. हे वाचून मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी पुस्तक जागेवर ठेवलं आणि एका मुलीला थकीत पुस्तकाबद्दल बोलले, जरा जास्तच बोलले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सासूच्या घरी केला. बुद्धवंदना झाली, भंतेजी बोलले. उल्हासनगरहून त्याच्याबरोबर काम करणारा एक जण आला होता, उत्तर प्रदेशातला, त्याच्या हाताखाली प्रेस शिकलेला, आता स्वतः उस्ताद. जेवून झाल्यावर तो माझ्याजवळ आला. नेमकं काय झालं होतं ते त्याने विचारलं. मी खपलीचं सांगितलं, आणि आम्हाला ते पाइपाने भाजल्यासारखं वाटलं असंही सांगितलं.

तो गोंधळला. "पाइप से? भाभी, पाइप तो होली के टाइम ही ऊपर कर दिया था. अब छत से आता है, सीधा. कमर को लगता ही नहीं. उस्ताद तो मज़ाक करते थे, अब नए लड़के उस्ताद कैसे बनेंगे, ठप्पा कौन लगाएगा."

मी हो म्हणाले. पाण्याचा ग्लास हातात होता, तो त्याला दिला.

म्हणजे त्याला माहीत होतं. पाइप आता कंबरेला लागत नाही, हे त्याला होळीपासून माहीत होतं, आणि मी पाइप म्हणाले तेव्हा तो असेल म्हणाला. त्याने मला दुरुस्त केलं नाही. बावीस वर्षांत त्याने मला कशातही दुरुस्त केलेलं मला आठवत नाही. साप विषारी आहे म्हटलं की विषारी. भाजलंय म्हटलं की भाजलंय. मला वाटायचं हा त्याचा स्वभाव आहे. मी कधी म्हणाले नव्हते, की तुला काय वाटतं.

ते सासूला सांगायला मला जमलं नाही. जो येईल त्याला ती सांगत होती, "मीच बोलावला. तीन येळा फोन केला. माझ्याच गवतानं खाल्ला त्याला." बायका तिची समजूत काढायच्या. मी शेजारी बसून चहाचे कप गोळा करायचे. तिने त्या दोन गुंठ्यांतलं गवत हाताने उपटलं, मुळासकट, हातांना चिरा पडेपर्यंत. मी म्हणाले, आई, हातमोजे घाला. तिने घातले नाहीत. मी तिला गवताचा दोष स्वतःच्या डोक्यावर वाहू देत होते, कारण तो तिच्याकडे होता तोपर्यंत माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. हे मी तेव्हा इतकं स्पष्ट मनात म्हटलं नसेल. पण तसंच होतं.

पुढच्या पावसानंतर गवत पुन्हा आलं. ते येणारच होतं. एका रविवारी मी नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॅन्ट आणि गमबूट घालून ते कापायला गेले. सासू ओटीवर तांदूळ निवडत होती. दुपारपर्यंत अर्धं झालं. मी येऊन पायरीवर बसले. ती म्हणाली, "असंच वाढलं होतं तवा. मी बोलावलं नसतं तर."

मी म्हणाले, "आई, डॉक्टरणीने मला विचारलं होतं. पट्टी बघून विचारलं होतं, हे काय म्हणून. मी सांगितलं, भाजलंय. शेतात गेला होता का म्हणाली, मी नाही म्हणाले. ते भाजलेलं नव्हतं. पाइप कधीच बदलला होता. त्याला माहीत होतं. मी म्हणाले म्हणून तो गप्प बसला."

ती तांदूळ निवडत राहिली. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुला शिकलेली म्हणून आणली," ती म्हणाली.

"हो."

"आन् तू म्हणालीस ते त्यानं ऐकलं?"

"हो."

"माझं नाय कधी ऐकलं. तीन येळा बोलावलं तवा आला." तिने सूप बाजूला ठेवलं. ती आवाराकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे तू पन. माझ्यासारखीच."

ती भिंतीला हात लावून उठली.

"उभी रहा. हिकडं, उजेडात ये. शर्ट वर कर."

मी शर्ट वर केला. तिने कंबरेभोवती बघितलं, पट्टा बसतो तिथे बोट फिरवून बघितलं, काखा बघितल्या, मान बघितली. तिची बोटं खरखरीत होती. तिला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून दोनदा बघितलं.

"काय नाय," ती म्हणाली. "आता जेव."

जेवून झाल्यावर मी उरलेलं गवत कापलं आणि तिने पुन्हा बघितलं. मग मी तिची मान बघितली.

आता मी दर रविवारी जांभूळला जाते. गवत आम्ही वाढू देत नाही. काम झालं की आंघोळीआधी ती मला तपासते आणि मी तिला, ओटीवर, उजेडात. अजून काही सापडलेलं नाही.